मॅकरोनीचा पंचनामा

सरकारी नोकरीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या तोंडात 'नाही' हा शब्द उरत नाही. बायकोसमोर उरतो, भाजीवाल्यासमोर उरतो, पण साहेब समोर आला की तो घशाखाली उतरून बसतो आणि 'हो सर' आपोआप बाहेर पडतं. पुढचा सगळा घोळ माझ्या अशा एका 'हो सर'मुळे झाला. हे मी सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने माझ्या बायकोवर, आईवर किंवा शेजारणीच्या म्हशीवर संशय घ्यायला नको.

शहाऐंशी साली मी पळसबोडीच्या वन कार्यालयात वरिष्ठ लिपिक होतो. पळसबोडी म्हणजे आरमोरी-वडसा रस्त्याला फाटा फुटतो तिथून आत, चहूकडे धान, मध्ये गाव आणि गावाच्या तोंडाशी आमच्याच खात्याचा तपासणी नाका. आमचे पिंटो साहेब नवे होते, एकोणतिशीचे, कुठल्याशा थंड हवेच्या गावात वाढलेले. मराठी भाषेची खात्याची परीक्षा पास व्हावी म्हणून ते सहा महिने फक्त जुन्या फायली वाचत बसले होते. त्यामुळे त्यांना मराठी उत्तम येत असे, पण फायलीतलीच. एकदा पावसात भिजून आले तेव्हा मला म्हणाले, "रामटेके, मी पूर्णतः ओला झालो आहे, याची नोंद घ्यावी."

तर ऑक्टोबरात सावली गावच्या बैठकीहून आम्ही जीपने परतत होतो. साहेब खिडकीतून धान बघत उदास बसले होते. एकाएकी म्हणाले, "रामटेके, माझी आई दर रविवारी मॅकरोनी आणि चीज करीत असे. मलईदार. तिला भेटून अकरा महिने झाले. सदर पदार्थ या जिल्ह्यात उपलब्ध आहे काय?"

"हो सर," मी म्हणालो. "आमच्या घरी दर रविवारी होते सर."

जीपच्या आरशात मला माझं तोंड दिसलं. तेही दचकलेलं होतं. मॅकरोनी हा मासा असतो, मिठाई असते की भाजी, हे मला माहीत नव्हतं. आणि साहेब एकदम ताठ बसून म्हणाले, "मग दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी मी आपल्या घरी भोजनास हजर राहीन."

आता एवढ्याशा गोष्टीने कोणी घाबरतं का, असं तुम्ही म्हणाल. पण त्याच महिन्यात सिरोंच्याला खात्याचं नवं कार्यालय उघडणार असल्याचं पत्र आलं होतं आणि आमच्यातला एक कारकून तिकडे जाणार होता. कोण, ते साहेब ठरवणार होते. सिरोंचा म्हणजे आमच्यापासून सव्वादोनशे किलोमीटर, पार गोदावरीच्या काठी, पावसाळ्यात रस्ता बंद, पत्र पोचायला आठवडा. माझी करुणा दहावीला होती. तिचं गणित रोज संध्याकाळी मी घेत असे. तिला भूमितीची भीती वाटायची आणि मी शेजारी बसलो की वाटायची नाही. मी त्या वर्षी घर सोडू शकत नव्हतो, इतकं साधं होतं ते. दुसरा उमेदवार म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे वामनराव. त्यांनी साहेबांच्या बंगल्यावर दोनदा वैनगंगेचे ताजे मासे पोचवले होते. मासे पोचवणाऱ्याची बदली होत नाही, असा आमच्या कार्यालयाचा वीस वर्षांचा अनुभव होता.

घरी आलो आणि बायकोला, म्हणजे अंजनाला, सगळं सांगितलं.

"हे मॅकरोनी काय असते?" तिने विचारलं.

"मले माहीत नाई."

"अन् ते आपल्या घरी दर रविवारी होते?"

तिने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि तिचा हातच कपाळावर गेला. "त्या रविवारी आपल्या गावची मंडई हाये! घरात वीस पाव्हने राहतीन, अन् तुम्ही सायबाले जेवाले बलावून आले?"

मी पुन्हा दचकलो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. बाजार, पाळणे, नाटकं. त्या दिवशी नातेवाईक बोलावणं नसताना येतात, नातेवाइकांचे नातेवाईकही येतात, आणि आलेल्याला उपाशी पाठवलं तर वर्षभर तोंड दाखवायची सोय राहत नाही. साहेबांना हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मी 'हो सर' म्हणून बसलो होतो.

अंजनाचा भाऊ शालिकराम नागपूरला एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होता. त्याला चिठ्ठी पाठवली. मंडईच्या आधीच्या गुरुवारी त्याचा निरोप आला की कंडक्टरच्या हाती पुडकं पाठवलं आहे. मी बस येण्याच्या वेळी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. बस आली. पुडकं आलं नाही.

"बाबूजी, तुमचा सामान नाक्यावर धरला," कंडक्टर म्हणाला.

नाक्यावर मुखरू वनरक्षक बसला होता. मुखरू हा आमच्या खात्यातला सर्वांत इमानदार माणूस. एकदा त्याने स्वतःच्या सासऱ्याची सरपणाची बैलगाडी पकडली होती आणि त्यानंतर दोन वर्षं सासरी गेला नव्हता. त्याच्यासमोर टेबलावर माझं पुडकं उघडून ठेवलं होतं. मॅकरोनीची दोन पाकिटं एका बाजूला, त्यावर छापील अक्षरं होती म्हणून ती सुटली. दुसऱ्या बाजूला कागदात गुंडाळलेला अर्धा किलोचा पिवळा ठोकळा. शालिकरामने हॉटेलातल्या मोठ्या लादीतून कापून घेतलेला, त्यामुळे त्यावर ना नाव, ना गाव.

"बाबूजी, हे मेण व्हय," मुखरू म्हणाला. "मधमाशीचं. जंगलाचा माल. वाहतूक परवाना दाखवा."

"अरे मुखरू, हे चीज हाये. दुधापासून करते. खाते लोक."

"दूध असं रायते का? मी बी म्हशी पाहिल्या हायेत." त्याने नखाने कोपरा काढला, चमचाभर पत्र्यावर ठेवला आणि खाली काडी पेटवून धरली. चीज वितळलं आणि पिवळं पिवळं पसरलं. मुखरूने माझ्याकडे मोठ्या दुःखाने पाहिलं. "पाहा. वितळून राह्यलं. मेण नाई तं काय हाये?"

"मुखरू, मी कोन हाये, तुले माहीत हाये नं?"

माहीत होतं. म्हणूनच त्याने उठून खिळ्याला अडकवलेलं परिपत्रक काढलं आणि चौथा परिच्छेद मोठ्याने वाचला. "'ओळख न पटणारा कोणताही पदार्थ जप्त करावा. अधिकारी व कर्मचारी यांच्या मालासही कदापि अपवाद करू नये.' खाली 'साहेबांच्या आदेशावरून' म्हनून तुमची सही हाये, बाबूजी."

सही माझीच होती. परिच्छेदही माझाच. साहेबांनी तीनच सांगितले होते. तीन परिच्छेदांचं परिपत्रक बोडकं दिसतं म्हणून चौथा मी पदरचा घातला होता. 'कदापि' हा शब्द लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, हे आठवून मला घाम फुटला.

शेवटचा उपाय म्हणून मी म्हणालो, "मी खाऊन दाखवतो." तोवर नाक्यावरचा चहावाला आणि कंडक्टर पंच म्हणून उभे राहिले होते. मी मोठा तुकडा तोडला आणि तोंडात टाकला. आयुष्यात पहिल्यांदा चीज खात होतो. ते खारट होतं, आंबूस होतं, टाळूला चिकटत होतं आणि खाली जायला तयार नव्हतं. मी हसायचा प्रयत्न केला. मुखरूने माझ्याकडे बघत बघत पंचनामा लिहिला. तो मला अजून तोंडपाठ आहे:

"आरोपीने सदर पदार्थ खाद्य असल्याचे सांगून पंचांसमक्ष अंदाजे वीस ग्रॅम भक्षण केला. भक्षणसमयी आरोपीचा चेहरा वेडावाकडा झाला व डोळ्यांतून पाणी आले. सबब पदार्थ खाद्य नसावा, असे पंचांचे मत पडले."

बावीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो पंचनामे नजरेखालून घातले. 'आरोपी' या शब्दाच्या जागी स्वतःला पाहायची वेळ पहिल्यांदाच आली. मी खुर्ची मागितली.

संध्याकाळपर्यंत रेंजर साहेब आले. ते समजूतदार होते. म्हणाले, "रामटेके, गुन्हा नोंदवला तो नोंदवला. पण मुद्देमाल तुमच्याच ताब्यात देतो. सुपूर्तनामा लिहून द्या." नमुन्यापुरता तुकडा काढून ठेवून चीज फडक्यात बांधलं गेलं, सुतळी आवळली, गाठीवर लाख ओतून खात्याचा शिक्का उमटवला. मी सही केली की सदर मुद्देमाल मूळ स्थितीत सांभाळीन, मागाल तेव्हा हजर करीन, त्यात कसूर केल्यास होईल त्या कारवाईस पात्र राहीन. अशा रीतीने चीज माझ्या घरी आलं आणि ते खायचा अधिकार मी लिहून दिला.

शुक्रवारी आणखी एक धक्का. जप्तीची फाईल खालून वर चढत आली आणि पहिली माझ्याच टेबलावर थांबली, कारण वनगुन्ह्याच्या फायलींवर टिपणी मीच लिहीत असे. मी माझ्याविरुद्ध टिपणी लिहायला बसलो. "आरोपी हा एक सालस व कष्टाळू कर्मचारी असल्याचे समजते," असं लिहिलं. आणखी दोन ओळी लिहायच्या मनात होत्या, पण खांद्यावरून वामनराव वाचत होते.

"काय गुणवंतराव, मेणाचा धंदा कवापासून चालू केला?" ते म्हणाले. "पैले सांगतले असते तं आमीबी भागीदारी केली असती."

शेवटी "नमुना तपासणीस पाठवावा किंवा कसे" एवढं लिहून फाईल साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी त्या दिवशी चाळीस फायलींवर न वाचता सह्या केल्या, त्यात ही पण. वर मलाच हळूच विचारलं, "रविवारचे नियोजन कायम आहे ना?" मी म्हणालो, "हो सर."

शनिवारी अंजनाने शालिकरामची कृती भिंतीला चिकटवली. त्याने लिहिलं होतं: "मॅकरोनी खळखळ उकळावी. लोण्यात मैदा परतून दुधात पांढरी पेज करावी. तिच्यात चीज किसून टाकावे. सगळे एकत्र करावे. भाऊजी, हसू नका, मोठमोठे लोक याचे चाळीस रुपये देतात." चीज नव्हतं, पण निदान मॅकरोनी होती. ठमाबाई शेजारीण येऊन बघून गेली. हातात एक नळी घेऊन तिने आरपार पाहिलं आणि म्हणाली, "हे पोकळ काऊन हाये? पैसे पूर्न घेतले नं?"

माझी आई रुखमाबाई त्या वेळी पंच्याहत्तरीची. तिच्या आयुष्यात रोजचं धान्य म्हणजे तांदूळ. पाहुणा मोठा, म्हणून आपणही हातभार लावावा असं तिला वाटलं. संध्याकाळी तिने कोणाला न सांगता दोन्ही पाकिटं फोडली, मॅकरोनी तांदळासारखी धुतली आणि मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी भरून भिजत घातली.

रविवारी सकाळी मी गंजावरचं झाकण काढलं. आत एकच मोठा पांढरा गोळा होता. त्यात बोट घातलं तर ते बाहेर येईना.

"माय! हे काय केलं?"

"सात पान्यानं धुतलं, बापा," आई म्हणाली. "तरी पांढरं पानी येतच होतं. लयच भेसळ हाये त्याच्यात."

मी ओसरीवर बसून राहिलो. अंगणात पाहुणे यायला लागले होते. वडशाच्या दोन मावश्या, आरमोरीची आत्या, तिच्या तीन सुना, त्यांची लेकरं, आणि एक म्हातारे गृहस्थ, जे कोणाचे कोण हे मला आजही माहीत नाही. साहेब बारा वाजता येणार होते. आत कोनाड्यात चीज होतं, पण सीलबंद.

अंजना विळी घेऊन कोनाड्याकडे निघाली. मी आडवा आलो.

"सरका," ती म्हणाली. "ते तरी टाकतो पेजेत."

"सील तोडलं तं नोकरी जाइन, अंजना."

"अन् सायब उपाशी गेले तं सिरोंचा! तुम्हाले पोरीचं गनित पायजे का लाखेचा शिक्का पायजे?"

दाराशी करुणा उभी होती, हातात भूमितीची वही. मला तिच्याकडे बघवेना. खरं सांगतो, त्या क्षणी मी सुतळीला हात लावला होता. पण बावीस वर्षं दुसऱ्यांच्या सुपूर्तनाम्यांवर "कसूर केल्याचे दिसते" असं लाल शाईने लिहिणारा हात तो. तो सुतळीवरून आपोआप खाली आला. मी म्हणालो, "नाही." बायकोसमोर तो शब्द निघतो, हे मी आधीच सांगितलं आहे.

तेवढ्यात ओसरीवरून आईचा आवाज आला. पाकिटाच्या कोपऱ्यात एक मॅकरोनी कोरडी राहिली होती. आईने ती खराट्याच्या काडीत ओवली होती आणि सगळ्यांना दाखवत होती. "अवं पोरीहो, हे तं सरगुंडे व्हय! काडीवरचे!"

आत्याने पाहिलं. मावश्यांनी पाहिलं. सरगुंडेच होते. गव्हाची कणीक घट्ट मळायची, तिची बारीक दोरी काडीवर गुंडाळत न्यायची, हातावर वळून काडी ओढून घेतली की पोकळ नळी राहते. अक्षय तृतीयेला आमच्याकडे ते उकडून आंब्याच्या रसात खातात. शालिकराम ज्याचे चाळीस रुपये सांगत होता, ते माझी आई पन्नास वर्षं फुकट करत होती. या धक्क्याने मला थोडं बरं वाटलं.

पंधरा मिनिटांत अंगणात चटया पडल्या. रेशनचा गहू होताच, कालच दळून आणलेला. तुरीच्या काड्या आल्या. बाया गोल करून बसल्या आणि प्रत्येकीच्या हाताखालून नळ्या पडायला लागल्या. तोंडंही चालूच होती. मोठी मावशी म्हणाली, गुळाच्या पाण्यात कर, सायबाले गोड आवडते. धाकटी म्हणाली, झिंग्याच्या रश्शात टाक. ते कोणाचे कोण असलेले म्हातारे गृहस्थ म्हणाले की त्यांच्या लहानपणी त्यांनी एका इंग्रज साहेबाला जेवताना पाहिलं होतं आणि तो फक्त अंडी खात होता, तेव्हा हा सगळा खटाटोप कशाला.

मलईचा प्रश्न ठमाबाईने सोडवला, तिला न कळता. तिची म्हैस शुक्रवारी व्याली होती. चीक कोणी विकत नाही, शेजारी वाटतात. तिने गंजभर घट्ट पिवळा चीक आणून दिला आणि म्हणाली, "पोरीले खरवस करून दे, गूळ टाकून." अंजनाने तो गंज घेतला, आत बघितलं, भिंतीवरची कृती बघितली, आणि चुलीकडे वळली. चीक वाफवला. तो पिवळसर आणि लुसलुशीत जमला. मग दुधाच्या पेजेत तो कुस्करून घातला, लोणी घातलं, लसूण घातला, मिरपूड घातली आणि मीठ घातलं. पळी उचलली की तार यायची. मी शपथेवर सांगतो, त्या पातेल्यातून जो वास आला, त्याने अंगणातल्या बाया बोलायच्या थांबल्या.

बाराला जीप आली. साहेब उतरले. त्यांच्यामागून वामनराव उतरले, हातात केळीच्या पानात गुंडाळलेला मासा. मला वाटलं होतं आता दचकायचं काही उरलं नाही. ते चुकीचं होतं.

साहेबांनी अंगणात पाहिलं. चटयांवर बाया बसून अजूनही नळ्या वळतच होत्या, कारण पाहुणे वाढतच होते. "रामटेके, हे काय चालू आहे?"

"मॅकरोनी सर. दर रविवारी सर."

"याकरिता इतके मनुष्यबळ लागते?" साहेब थक्क होऊन म्हणाले. मग बाजूला ठेवलेल्या तुरीच्या काड्यांकडे आदराने पाहून आत आले.

ताट वाढलं. साहेबांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि हात थांबवला. चमचा खाली ठेवला. वामनरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडायला लागलं होतं. नेमकी तेव्हाच ठमाबाई गंज परत न्यायला आली. रिकामा गंज परत द्यायचा नसतो म्हणून करुणाने त्यात थोडे सरगुंडे घालून दिले. ठमाबाईने जागेवरच एक चाखला.

"मीठ!" ती किंचाळली. "माह्या चिकात मीठ टाकलं! अवं, चिकात मीठ टाकलं तं म्हैस आटते! आता माह्या म्हशीचं काय होइन?"

"बाई काय म्हणत आहेत?" साहेबांनी विचारलं.

"त्या म्हणतात, लाजू नका सर, अजून घ्या."

साहेबांनी ठमाबाईला नमस्कार केला आणि खरोखरच आणखी वाढून घेतलं. ठमाबाईचे डोळे विस्फारले. "अजून घेऊन राह्यला!" असं म्हणत ती गोठ्याकडे धावली. तिने म्हशीची दृष्ट काढली, खुरांवर हळद-पाणी घातलं आणि महिनाभर आमच्याशी बोलली नाही. म्हशीने दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं दूध दिलं, पण ते दृष्ट काढल्यामुळे, असं तिचं म्हणणं.

इकडे साहेब खात होते. तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. मग रुमालाने डोळे पुसले आणि म्हणाले, "रामटेके, ही मॅकरोनी नाही."

माझ्या पोटात गोळा आला. सकाळच्या गंजातला तोच.

"यात चीजही नाही. तथापि माझ्या आईच्या हातची चव आहे. हे कसे घडले, याचा मला खुलासा होत नाही." मग ते अंजनाकडे वळले आणि हात जोडले. "बाई, मी आपला अत्यंत आभारी आहे."

दारात उभ्या असलेल्या अंजनाने पदराने तोंड झाकलं. आत्याने तिला कोपर मारला. करुणा माझ्याकडे बघून हसली आणि मी खोटं बोलणार नाही, मला रडू आलं. पोर माझ्याजवळ राहणार होती. भूमितीचे अजून अकरा सिद्धांत राहिले होते, मी मनात त्यांचं वेळापत्रकही मांडलं. वामनराव मासा मांडीवर घेऊन बसले होते आणि मला त्यांची कीव आली. बिचारे आता सिरोंच्याला मासे कोणाला देणार?

साहेबांनी हात धुतले, घसा साफ केला. "आपणा दोघांना एक गोष्ट कळवायची आहे. सिरोंचा येथील नवीन कार्यालयाचा कार्यभार माझ्याकडेच सोपविण्यात आला आहे. सोबत एक लिपिक निवडून नेण्याची मला मुभा आहे. वामनराव मासे आणतात, परंतु मासे गोदावरीतही असतात." त्यांनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं. "आज दुपारपर्यंत निर्णय कठीण होता. रामटेके, आपण माझ्यासोबत याल ना?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. इतकं मनापासून मला आयुष्यात काहीच म्हणायचं नव्हतं. सकाळी तोच शब्द एका सुतळीसाठी मी किती सहज उच्चारला होता! मी तोंड उघडलं.

"हो सर," मी म्हणालो.

वामनरावांनी मासा आमच्याच घरी ठेवला आणि निघताना माझा हात हातात घेऊन खूप वेळ दाबला. संध्याकाळपर्यंत मंडईतले चाळीस पाहुणे सरगुंडे खाऊन गेले. सगळ्यांनी नावाजले. मी एकही खाल्ला नाही.

अंजनाने ट्रंक भरली. ती आणि करुणा पळसबोडीतच राहणार, हे तिने मला विचारून ठरवलं नाही. सगळ्यात वर तिने तुरीच्या काड्यांची जुडी ठेवली.

"हे काऊन?" मी विचारलं.

"तिथी सायबाले कोन करून घालन?" ती म्हणाली. "दर रविवारी होते म्हनलं होतं नं तुम्ही?"

आणि डिसेंबरपासून दर रविवारी मी सिरोंच्याला सरगुंडे वळत बसलो. करुणा पोस्टाने सिद्धांत पाठवायची, मी कणकेच्या हातांनी ते तपासायचो आणि परत पाठवायचो, आणि उत्तर पोचेपर्यंत तिला पुढचा अडलेला असायचा. जूनमध्ये तार आली तेव्हाही माझ्या हातात काडी होती, म्हणून साहेबांनीच ती वाचली. "करुणा पास. गणितात त्र्याऐंशी. भूमितीची भीती गेली, असे कळविण्यात येते." शेवटचं वाक्य तारेत नव्हतं, ते साहेबांनी पदरचं घातलं. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, ते माझ्याशिवाय झालं होतं. आनंद झाला, आणि काहीतरी खुपलंही.

चीज माझ्यासोबतच आहे. त्याच्या तपासणीचं उत्तर दीड वर्षाने आलं: "नमुना मेण नाही. काय आहे, हे सांगता येत नाही. प्रकरण चालू ठेवावे." पिंटो साहेब बदलून गेले, मी पळसबोडीला परतलो, सुपूर्तनामा मात्र उठला नाही. फडक्यातला ठोकळा हिरवा झाला, मग काळा झाला, मग आक्रसून विटकरीसारखा टणक झाला. उंदरांनी एकदा कुरतडून बघितला आणि नाद सोडला. दर मार्चला नवे साहेब मुद्देमालाची यादी घेऊन घरी येतात आणि त्या नोंदीवर बोट ठेवून विचारतात, "काय हो रामटेके, हा मूळ स्थितीत आहे ना?"

मी कोनाड्याकडे बघतो.

"हो सर."